रक्त पोहोचते का? जन्मजात कोरोनरी दोष आणि रक्तप्रवाहाची परीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकताना थोडा जड वाटेल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांमध्ये जन्मतःच दोष असेल, तर त्यांतून रक्त पुरेसे वाहते की नाही हे कसे तपासतात, असा हा विषय आहे. आम्ही पेशाने डॉक्टर नव्हे, विज्ञानाचे शिक्षक आहोत. म्हणून औषधोपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु शरीराचे शास्त्र समजून घेण्याचा आणि समजावून देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

हा विषय निवडण्यास कारणही तसेच आहे. चिंचणी, वाणगाव, डहाणू, तलासरी या आपल्या भागात पहाटे किनाऱ्यावर, मैदानावर, रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्याची. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. एका मुलाला नोकरी लागली की सबंध घर उभे राहते, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच धावता धावता एखाद्याला भोवळ आली, छातीत कळ आली, तर तो ती गोष्ट लपवितो. घरची माणसे म्हणतात, उपाशी धावला असेल, अशक्तपणा असेल, नजर लागली असेल. बहुतेक वेळा खरोखरच फारसे काही नसते. परंतु क्वचित असते, आणि तेव्हा ती भोवळ हीच शरीराने दिलेली एकमेव सूचना असू शकते. ती सूचना ओळखावी, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. हृदय हा मुठीएवढा स्नायूचा पंप आहे. त्याच्या पोकळीत सतत रक्त असते, तरी भिंतीच्या जाड स्नायूला त्या रक्तावर भागविता येत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र वाहिन्या आहेत. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिनीस महारोहिणी म्हणतात. तिच्या मुळाशी, झडपेच्या अगदी वर, दोन लहान तोंडे असतात. तेथून उजवी आणि डावी अशा दोन कोरोनरी रोहिण्या निघतात आणि फांद्या फुटत सबंध हृदयावर पसरतात. डावी अधिक महत्त्वाची, कारण शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या कप्प्याचा बराचसा भाग तिच्यावर अवलंबून असतो.

या वाहिन्यांची तीन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पुढचे सर्व त्यांवर उभे आहे. पहिले, विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाच्या कोरोनरींतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त जाते आणि जोराच्या श्रमात ते तीन ते पाच पट वाढावे लागते. दुसरे, हृदयाचा स्नायू मिळालेल्या रक्तातील सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू विश्रांतीतच काढून घेतो. हातापायांचे स्नायू गरज पडली की त्याच रक्तातून अधिक प्राणवायू घेऊ शकतात. हृदयापाशी अशी शिल्लक फार थोडी असते. त्याला अधिक प्राणवायू हवा, म्हणजे अधिक रक्तच हवे. तिसरे, डाव्या कोरोनरीत रक्त मुख्यतः हृदय सैल पडते त्या क्षणी वाहते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू आपल्याच वाहिन्या आवळून धरतो.

आता विद्यार्थ्यांनी थोडे गणित करावे. नाडी मिनिटाला ७२ असेल, तर एका ठोक्याला सुमारे ०.८३ सेकंद मिळतो. धावताना नाडी १८० झाली, तर ०.३३ सेकंद मिळतो. त्यातही सैल पडण्याचा काळ अधिक प्रमाणात कमी होतो. म्हणजे रक्ताची गरज कित्येक पट वाढते आणि ते भरून घेण्याची वेळ घटते. निरोगी वाहिन्या रुंदावून ही ओढाताण सहज निभावतात. ज्याच्या वाहिनीचे तोंडच जन्मतः चुकीच्या जागी किंवा चपटे आहे, त्याची खरी परीक्षा अशा वेळी होते. पलंगावर शांत पडलेल्या मुलाची तपासणी करून ही परीक्षा पुरी होत नाही. आजच्या व्याख्यानाचे सार हेच आहे.

असे दोष किती आढळतात? अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९६० ते १९८८ या काळात कोरोनरींची अँजिओग्राफी झालेल्या १,२६,५९५ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत १,६८६ जणांमध्ये, म्हणजे सुमारे १.३ टक्क्यांमध्ये, जन्मजात वेगळेपण सापडले. हा आकडा तपासणीसाठी आलेल्या रुग्णांचा आहे, सर्व लोकसंख्येचा नव्हे. शिवाय त्यांतील सुमारे चार पंचमांश प्रकार निरुपद्रवी होते. तेव्हा भिण्याचे कारण नाही. मात्र उरलेल्यांत जे थोडे घातक प्रकार आहेत, त्यांपैकी दोन आपण नीट पाहू.

पहिला तान्ह्या बाळांचा. यात डावी कोरोनरी महारोहिणीऐवजी फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतून निघते. सुमारे तीन लाख जन्मांत एक असे याचे प्रमाण सांगतात. बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या डॉक्टरांनी १९३३ साली अशा एका बाळाचे वर्णन केले, म्हणून त्यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. मौज अशी की जन्मतः ही बाळे ठीक दिसतात. जन्माच्या वेळी फुप्फुस रोहिणीतील दाब जास्त असतो, त्यामुळे त्या दाबाने डाव्या कोरोनरीत रक्त शिरते. पुढे काही आठवड्यांत तो दाब उतरतो आणि सारे चित्र पालटते.

खाडीकाठच्या माणसाला हे समजावयास कठीण नाही. भरती असते तेव्हा समुद्राचे पाणी खाडीत शिरते. ओहोटी लागली की तेच पाणी त्याच तोंडातून बाहेर ओढले जाते. तसेच येथे घडते. उजव्या कोरोनरीतून लहान जोडवाहिन्यांमार्गे डाव्या कोरोनरीत आलेले रक्त स्नायूत मुरण्याऐवजी उलटे वाहून फुप्फुस रोहिणीत निघून जाते. स्नायू उपाशी राहतो. बाळाचा मोठा व्यायाम म्हणजे दूध ओढणे. म्हणून दीड ते तीन महिन्यांचे बाळ दूध पिताना घामाघूम होते, धापा टाकते, कळवळून रडते, वजन धरत नाही. घरात पोटदुखी किंवा दृष्ट समजून चालढकल होते. उपचार न झाल्यास अशी सुमारे ९० टक्के बाळे वर्षाच्या आत दगावतात.

येथे रक्तप्रवाहाच्या दिशेला किती महत्त्व आहे, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. डब्लिनच्या ब्रुक्स यांनी १८८५ साली शवविच्छेदनात अशी रचना पाहून, या वाहिनीत रक्त उलटे वाहत असावे, असा तर्क केला होता. परंतु जिवंत माणसात ते सिद्ध झाले नव्हते. डावी कोरोनरी फुप्फुस रोहिणीतून निघते, म्हणजे तिला कमी प्राणवायूचे रक्त मिळते आणि त्यामुळे स्नायू खराब होतो, असा समज बरीच वर्षे होता. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद सॅबिस्टन आणि त्यांचे सहकारी नील व हेलन टॉसिग यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत त्यांनी सदर वाहिनी तिच्या मुळाशी तात्पुरती दाबून धरली. रक्त त्या मुळातून आत येत असते, तर पुढील दाब उतरावयास हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला! म्हणजे रक्त त्या मुळातून बाहेर पळत होते. दिशा कळली आणि उपचाराची दिशाही कळली. त्या वेळी ते मुळाशी बांधून टाकण्याचा उपाय झाला. पुढे ती वाहिनी सोडवून महारोहिणीला जोडण्याची पद्धत रूढ झाली, आणि आज शक्य तेथे हीच शस्त्रक्रिया करतात. वेळीच झाल्यास दमलेला स्नायू पुष्कळ अंशी सावरतो.

दुसरा प्रकार वाढत्या मुलांचा आणि तरुणांचा. यात कोरोनरी महारोहिणीतूनच निघते, पण भलत्या बाजूने. डावी उजव्या बाजूने किंवा उजवी डाव्या बाजूने. मग तिला वळसा घेऊन महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी यांच्या मधून जावे लागते. कित्येकदा तिचा आरंभीचा भाग महारोहिणीच्या भिंतीतूनच सरकतो आणि तोंड गोल असण्याऐवजी चिरेसारखे चपटे असते. विश्रांतीत या चिरेतूनही पुरेसे रक्त जाते. धावताना महारोहिणी दाबाने फुगते, भिंत ताणली जाते आणि चीर आणखी मिटू लागते, असे मानले जाते. डावी कोरोनरी अशी असणे अधिक धोक्याचे.

अमेरिका आणि इटली येथील अशा २७ तरुण खेळाडूंच्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २३ जणांची डावी कोरोनरी चुकीच्या बाजूची होती, ४ जणांची उजवी. २५ जण खेळतानाच गेले, २ जण खेळ संपताच. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्यांतील ज्या ९ जणांचा साधा ई.सी.जी. पूर्वी काढलेला होता, त्या सर्वांचा तो निर्दोष होता. ज्या ६ जणांची पट्ट्यावर धावण्याची ई.सी.जी. चाचणी झाली होती, त्यांचीही निर्दोष होती. मात्र काहींना आधी भोवळ आलेली होती, काहींच्या छातीत दुखले होते. यंत्राला जे दिसले नाही, ते त्या मुलांच्या शरीराने सांगितले होते.

शरीर कधी कधी पुष्कळ काळ सांभाळूनही घेते. अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटू पीट मॅराविच १० हंगाम व्यावसायिक सामने खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी मित्रांबरोबर खेळत असताना, वयाच्या ४० व्या वर्षी, तो कोसळला. शवविच्छेदनात कळले की त्याला डावी कोरोनरी जन्मतःच नव्हती. तेव्हा 'इतकी वर्षे धावतो आहे, मला काय होणार' हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही.

आता तपासणीकडे वळू. डॉक्टरांपुढे दोन प्रश्न असतात. वाहिनी कोठून कशी जाते, हा पहिला. तिच्यातून गरजेच्या वेळी पुरेसे रक्त जाते का, हा दुसरा. पहिला नकाशाचा, दुसरा प्रवाहाचा. पाटाचा नकाशा हाती असला म्हणून चिकूच्या वाडीतील शेवटच्या झाडाला पाणी पोहोचते, असे सिद्ध होत नाही. ते झाडापाशी जाऊन पाहावे लागते.

सर्वांत सोपी तपासणी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. यात डॉप्लर नावाचा भाग असतो. वाणगाव स्टेशनात न थांबता जाणारी गाडी जवळ येताना भोंग्याचा सूर उंच लागतो, दूर जाताना उतरतो, हे आपण ऐकतो. ध्वनीचा हा नियम ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ साली मांडला. रक्तातील धावत्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींतील असाच फरक मोजून यंत्र रक्ताची दिशा आणि वेग सांगते. पडद्यावर सामान्यतः तपासणीच्या दांड्याकडे येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दाखवितात. हे रंग केवळ दिशेचे आहेत. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी त्यांचा संबंध नाही. बाळाच्या डाव्या कोरोनरीत उलटा प्रवाह आहे, हे आज छाती न उघडता अशा प्रकारे दिसू शकते. मात्र कोरोनरीतील वेग कमी असल्याने यंत्र त्याप्रमाणे लावावे लागते आणि दोन्ही तोंडे मुद्दाम शोधावी लागतात. 'इको नॉर्मल' एवढ्या शब्दांवर थांबू नये. धावताना भोवळ आलेल्या मुलाच्या बाबतीत पालकांनी नम्रपणे विचारावे, "डॉक्टर, दोन्ही कोरोनरींची तोंडे दिसली का?" मोठ्या मुलांत ती इकोने नेहमीच स्पष्ट दिसतात असे नाही.

न दिसल्यास सी.टी. अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन क्ष-किरणांनी काढलेली ही चित्रे वाहिनीचे तोंड, चपटेपणा आणि भिंतीतील वाट उत्तम दाखवितात. हा नकाशा झाला. क्ष-किरण असल्याने गरजेशिवाय ती करू नये.

प्रवाहासाठी हृदयाला श्रम द्यावे लागतात. मूल धावू शकत असेल तर पट्ट्यावर धावून, नाही तर डोब्युटामिनसारख्या औषधाने नाडी आणि आकुंचन वाढवून. त्या अवस्थेत इको करून कोणता भाग आळसावतो ते पाहतात. एम.आर.आय. मध्ये रंगद्रव्य स्नायूत कसे पसरते आणि कोठे उशिरा पोहोचते ते दिसते, शिवाय जुना व्रणही कळतो. यात क्ष-किरण नाहीत. अणुवैद्यकातील तपासणीत अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य स्नायू कितपत उचलतो, त्यावरून विश्रांती आणि श्रम यांची तुलना करतात.

एवढ्यानेही शंका राहिली तर दाब मोजणारी केसासारखी तार थेट कोरोनरीत नेतात. अडथळ्यापूर्वीचा दाब १०० आणि अडथळ्यापुढचा ७० असेल, तर गुणोत्तर ०.७० येते. वाहिन्या पूर्ण रुंदावलेल्या असताना हे गुणोत्तर, अडथळा नसता तर गेले असते त्याच्या तुलनेत किती रक्त जाते, याचा अंदाज देते. नेदरलँड्सचे पाइल्स आणि बेल्जियमचे डी ब्रुइन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. ०.८० किंवा त्याखालील आकडा सामान्यतः अपुऱ्या रक्तपुरवठ्याचा मानतात. पण येथे एक मेख आहे. ही मर्यादा चरबी साचून कायमची अरुंद झालेल्या मोठ्या माणसांच्या वाहिन्यांवरून ठरली. नेहमीचे ॲडिनोसिन औषध वाहिन्या रुंदावते. ते धावण्याचे सोंग घेत नाही. जन्मजात चपट्या वाहिनीचा अडथळा श्रमाबरोबर बदलतो. म्हणून अशा रुग्णांत डोब्युटामिन देऊन दाब मोजण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. आकडा मोजताना कोणती परिस्थिती निर्माण केली होती, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे कायमचे ध्यानात ठेवावे.

निर्णय घेताना एकाच चाचणीवर विसंबत नाहीत. डावी कोरोनरी चुकीच्या बाजूने निघून दोन मोठ्या वाहिन्यांमधून जात असेल, तर चाचण्या निर्दोष असल्या तरी जोराचे खेळ थांबवून शस्त्रक्रियेचा विचार करतात. उजवी असेल आणि त्रास नसेल, श्रमातही रक्त पुरते असे दिसले, तर लक्ष ठेवून राहता येते. शस्त्रक्रियेत भिंतीतील वाट आतून उघडून तोंड रुंद करतात किंवा वाहिनी योग्य जागी जोडतात. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा श्रमाची चाचणी करून खेळाविषयी ठरवितात. म्हणजे दोष सापडला की आयुष्य संपले, असे मुळीच नाही.

हे सर्व आपल्या आवाक्यात आहे का, असे कोणी विचारील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयविकार त्यात समाविष्ट आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मूल हजर ठेवावे आणि 'धावताना चक्कर येते' हे आपण होऊन सांगावे. विचारण्याची वाट पाहू नये. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. पुढील तपासणीसाठी परळला के.ई.एम. रुग्णालय आणि शेजारीच मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. डहाणू रोडहून मुंबईकडे लोकल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि रेशनकार्ड व आधार जवळ बाळगावे. इकोचे कागद, सी.डी. जपून ठेवाव्यात.

कोणत्या भोवळीस भ्यावे? शाळेत प्रार्थनेला उन्हात फार वेळ उभे राहून, रक्त पाहून, घाबरून आलेली चक्कर बहुधा साधी असते. धावत असताना, पोहत असताना, ऐन श्रमात आलेली भोवळ, श्रमात छातीत येणारी कळ, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेल्याचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर तपासणी होईपर्यंत धावणे थांबवावे. भरती पुढच्या खेपेसही येते. मुलींच्या बाबतीत तर विशेष सांगणे आहे. 'मुलीच्या जातीला धावणे झेपत नाही' म्हणून तिची तक्रार मोडीत काढू नका. तिलाही तीच तपासणी हवी.

आणि कोणी मैदानावर कोसळलाच, हाक मारून उत्तर देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर पाणी पाजत किंवा कांदा हुंगवीत बसू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहावे. बंद पडलेल्या हृदयात रक्त फिरते ठेवण्याचा तेवढाच मार्ग आपल्या हाती असतो. प्रत्येक धावपटूच्या गटात निदान दोघांनी हे शिकून घ्यावे, अशी आमची विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे.

मित्रहो, कोरोनरीचे तोंड कोठे असावे हे जन्मापूर्वीच ठरते; त्यात आईचा, बापाचा किंवा कोणाच्या नजरेचा दोष नसतो. आपल्या हाती असते ते एवढेच, की मुलाने सांगितलेले नीट ऐकावे, ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे आणि श्रमाच्या वेळी रक्त पोहोचते का, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.